ओकच्या झाडाखालची शाळा

वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी काहीतरी लिहून द्या, असा आपल्या चिटणीसबाईंचा निरोप आला, तेव्हा दिवाळीचे दोन नवे पदार्थ लिहून देऊन मोकळे व्हावे असे मी मनाशी ठरवले होते. लेखिका म्हणवून घेण्याचा माझा अधिकार नाही. पण कार्यकारिणीच्या एका बैठकीत एक विषय निघाला, आणि त्यानंतर वाचनालयातून आणलेल्या काही पुस्तकांनी मला स्वस्थ बसू दिले नाही. म्हणून पदार्थ बाजूला ठेवून इतिहास सांगायला बसले आहे. भगिनींनी तो गोड मानून घ्यावा.

विषय होता आपल्या संध्याकाळच्या अक्षरवर्गाचा. पटावर अठरा नावे आहेत, आणि प्रत्यक्षात येतात सात-आठ जणी. कुणी चार घरची धुणीभांडी आटोपून येतात, कुणी बांधकामावरून. कधी येतात, कधी येत नाहीत. तेव्हा हा वर्ग बंद करून ती खोली शिवणवर्गाच्या दुसऱ्या तुकडीला द्यावी, अशी सूचना आली. चार अक्षरांपेक्षा चार पैसे बरे, असे कुणीतरी म्हणाले, आणि मीही मान डोलावली. एवढेच नाही, तर त्याच्या आदल्याच आठवड्यात मी वर्गातल्या एका सत्तरीच्या आजींना सहज म्हणून गेले होते, “आजी, आता या वयात अक्षरे गिरवून काय करणार?” आजी काही बोलल्या नाहीत. पाटी पुसली, पिशवीत घातली आणि गेल्या. पुढचे दोन दिवस त्या आल्या नाहीत. निर्णय वर्धापनदिनानंतरच्या बैठकीवर सोपवला आहे, म्हणून त्याआधी हे लिहीत आहे.

आपण शरणपूर रस्त्याने नित्य जातो-येतो. ते शरणपूर म्हणजे एके काळी चर्च मिशनरी सोसायटीची वस्ती. गेल्याच्या मागच्या शतकात इंग्रजांचे आरमार हिंदी महासागरात गुलामांची वाहतूक करणारी अरबी गलबते पकडत असे, आणि त्यांतून सोडवलेली आफ्रिकन मुले मुंबईला आणली जात. त्यांपैकी पुष्कळ मुले आपल्या नाशिकला, शरणपूरच्या आश्रमशाळेत आली. लिहिणे-वाचणे आणि सुतारकी-लोहारकीसारखे धंदे ती तेथे शिकली. त्यांतलाच एक जेकब वेनराइट. डॉ. लिव्हिंग्स्टन १८७३ साली आफ्रिकेच्या अंतर्भागात वारले, तेव्हा त्यांच्या बरोबरच्या माणसांत हा होता. ज्या झाडाखाली त्यांचे हृदय पुरले, त्या झाडावर मृत्युलेख कोरला तो नाशिकला अक्षर शिकलेल्या या जेकबने. पुढे १८७४ साली लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबेमध्ये डॉक्टरांना मूठमाती देताना तोही शवपेटीच्या मानकऱ्यांत होता. १८७५ च्या सुमारास मोंबासाजवळ मुक्त गुलामांसाठी फ्रिअर टाऊन नावाची वसाहत उभी राहिली, तिला मुंबईचे माजी गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांचे नाव मिळाले. तेथेही या ‘नाशिककरां’पैकी काहींनी शिक्षकाचे काम केले.

गुलामीतून सुटलेल्या माणसाच्या हाती पहिल्या प्रथम पाटी येते, ती का, हे शोधता शोधता मी शरणपूरहून अमेरिकेला जाऊन पोहोचले. कारण हा प्रयोग सर्वांत मोठ्या प्रमाणावर झाला तो तेथे.

अमेरिकेच्या दक्षिणेकडील संस्थानांत १८६० साली सुमारे ४० लाख कृष्णवर्णीय माणसे गुलाम होती. कापूस, तंबाखू, भात, ऊस यांची शेते त्यांच्या श्रमावर पिकत. त्यांना विकता येई, नवऱ्यापासून बायकोला आणि आईपासून मुलाला तोडता येई. आणि त्यांना अक्षर शिकवणे हा बहुतेक ठिकाणी गुन्हा होता. साउथ कॅरोलिनाने १७४० सालीच गुलामाला लिहायला शिकवणाऱ्यास दंड ठेवला होता. १८३१ साली व्हर्जिनियात नॅट टर्नर या गुलामाने बंड केले. त्याला वाचता येत होते. मग कायदे आणखी कडक झाले. नॉरफोक शहरात मार्गारेट डग्लस नावाची शिवणकाम करून पोट भरणारी एक गोरी बाई आपल्या मुलीच्या मदतीने काळ्या मुलांना घरी शिकवीत असे. ही मुले गुलामही नव्हती, स्वतंत्र कुटुंबांतली होती. तरी १८५४ साली त्या बाईंना महिनाभर तुरुंगात बसावे लागले.

शिकू देत नाहीत म्हणून शिकणे थांबले असे मात्र नाही. जॉर्जियातल्या सव्हाना शहरी सूझी नावाची एक लहान मुलगी आजीजवळ राहत असे. आजीने तिला वुडहाउस नावाच्या एका स्वतंत्र काळ्या विधवाबाईंच्या घरी शिकायला घातले. पंचवीस-तीस मुले तेथे येत. पुस्तके कागदात गुंडाळून न्यायची, म्हणजे पोलिसांना किंवा गोऱ्या लोकांना दिसू नयेत. घरात एकेकट्याने शिरायचे आणि एकेकट्यानेच बाहेर पडायचे. शेजाऱ्यांना वाटे, मुले काही कामधंदा शिकायला जातात. कामधंद्याच्या पडद्याआड तेथे अक्षरवर्ग चालत असे, आणि आपल्याकडे आज शिवणासाठी अक्षरवर्ग उठवण्याची चर्चा चालली आहे! हे वाचले त्या दिवशी माझी मान खाली गेली.

१८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. व्हर्जिनियाच्या किनाऱ्यावर मन्रो नावाचा किल्ला उत्तरेच्या फौजेच्या ताब्यात होता. मे महिन्यात तीन गुलाम होडीतून पळून त्या किल्ल्यात आले. मालकाने त्यांची मागणी केली, तेव्हा जनरल बटलर यांनी त्यांना परत पाठवण्याचे नाकारले. ‘तुमच्या मते ही माणसे मालमत्ता आहेत ना? मग युद्धात आम्ही ती जप्त केली आहे,’ असा त्यांचा वकिली युक्तिवाद होता. ही वार्ता पसरताच शेकडो माणसे बायकामुलांसह किल्ल्याच्या आश्रयाला आली. त्यांची वस्ती जवळच्या हॅम्प्टन गावाभोवती पडली.

तेथे होत्या मेरी पीक. या मिश्र वंशाच्या, जन्माने स्वतंत्र, व्यवसायाने शिवणकाम करणाऱ्या. लहानपणी त्यांना थोडे शिकायला मिळाले होते. हॅम्प्टनमध्ये त्यांनी गरीब व आजारी माणसांच्या मदतीसाठी ‘डॉटर्स ऑफ झायन’ नावाची स्त्रियांची एक संस्था काढली होती, म्हणजे एक प्रकारचे महिला मंडळच म्हणा. कायद्याचा डोळा चुकवून त्या घरी मुलांना व मोठ्यांना वाचायलाही शिकवीत. ऑगस्टमध्ये दक्षिणेच्या सैन्याने हॅम्प्टन जाळले, त्यात मेरीबाईंचे घरही गेले. आणि १७ सप्टेंबर १८६१ रोजी त्यांनी शाळा भरवली. इमारत नव्हती, म्हणून एका मोठ्या ओकच्या झाडाखाली मुले बसू लागली, असे तेथे सांगतात. पहिल्या दिवशी जेमतेम सहा मुले, आणि थोड्याच दिवसांत पन्नासच्या वर. रात्री मोठ्या माणसांचा वर्ग वेगळा. अमेरिकन मिशनरी असोसिएशनने मग त्यांना शिक्षिका म्हणून नेमले.

मेरीबाईंना क्षय होता. खोकत खोकत त्या शिकवीत राहिल्या. पुढे अंथरुणाला खिळल्यावरही मुले त्यांच्या उशापायथ्याशी बसून धडा घेत. २२ फेब्रुवारी १८६२ रोजी त्या गेल्या. वय अवघे ३९, मागे एक लहान मुलगी. जेमतेम पाच महिन्यांची ही शाळा. पण १८६३ साली प्रेसिडेंट लिंकन यांचा मुक्तीचा जाहीरनामा हॅम्प्टनच्या लोकांनी त्याच झाडाखाली ऐकला, आणि १८६८ साली तेथेच हॅम्प्टनची अध्यापक-शाळा निघाली. आज ते विद्यापीठ आहे आणि झाड अजून हिरवे आहे.

तशीच गोष्ट साउथ कॅरोलिनाच्या किनाऱ्यावरील बेटांची. नोव्हेंबर १८६१ मध्ये उत्तरेचे आरमार पोर्ट रॉयलला येताच कापसाच्या मळ्यांचे मालक पळाले, आणि सुमारे दहा हजार गुलाम मागे राहिले. मालक नाहीत, पण अजून मुक्ती जाहीर झालेली नाही, अशी त्यांची अधांतरी अवस्था होती. त्या वेळी फिलाडेल्फियाहून लॉरा टाउन नावाची एक बाई सेंट हेलेना बेटावर आली. तिला वैद्यकीचेही थोडे ज्ञान होते. तिने व तिची मैत्रीण एलेन मरी हिने १८६२ च्या जूनमध्ये एका मळ्याच्या घरात वर्ग उघडला. पहिल्या दिवशी नऊ विद्यार्थी, आणि तेही सगळे प्रौढ! पुढे वर्ग विटांच्या चर्चमध्ये हलला. ज्या चर्चमध्ये आधी मालक खाली बसत आणि गुलामांना माडीवर उभे राहावे लागे, तेथेच आता शाळा भरली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये शार्लट फोर्टन ही फिलाडेल्फियाची सुशिक्षित काळी तरुणी शिक्षिका म्हणून आली. मुळाक्षरांबरोबर तिने मुलांना हैतीच्या तूसाँ लूव्हर्त्यूरची गोष्ट सांगितली. आपल्यासारख्याच काळ्या माणसाने आपला देश गुलामीतून सोडवला, हे मुलांना कळावे म्हणून. आधी मान वर करायला शिकवायचे, मग पुस्तकात घालायला, ही तिची रीत मला फार आवडली.

ही पेन स्कूल पुढे जवळजवळ ऐंशी-पंचाऐंशी वर्षे, १९४८ पर्यंत, शाळा म्हणून चालली. लॉराबाई १९०१ साली वारल्या, त्या तेथेच. ती टिकण्याचे एक कारण असे, की त्या बेटावर मुक्त झालेल्या पुष्कळ लोकांना कर थकलेल्या मळ्यांतले जमिनीचे लहान तुकडे विकत घेता आले होते. अन्यत्र असे घडले नाही. जमीन मिळण्याची आशा दाखवली गेली आणि युद्धानंतर बहुतेक ठिकाणी ती मालकांना परत देण्यात आली. अंगणाची जागाही आपली नाही, अशा माणसांनी शाळा उभ्या केल्या, हे विसरू नये.

आता त्या सव्हानाच्या सूझीचे पुढे काय झाले, ते सांगते. १८६२ साली, वयाच्या चौदाव्या वर्षी, ती घरच्यांबरोबर उत्तरेच्या फौजेच्या आश्रयाला गेली. हिला वाचता येते असे कळताच अधिकाऱ्यांनी सेंट सायमन्स बेटावर तिच्याकडे शाळा सोपवली. दिवसा चाळीसेक मुले, आणि रात्री मोठी माणसे. मग एडवर्ड किंग या काळ्या पलटणीतल्या सार्जंटाशी तिचे लग्न झाले. पलटणीबरोबर ती धोबीण म्हणून होती, पण कपडे धुऊन झाले की शिपायांना लिहायला शिकवी, जखमींची शुश्रूषा करी. युद्ध संपल्यावर तिने सव्हानात स्वतःच्या घरी शाळा काढली, फी महिना एक डॉलर. १८६६ साली नवरा वारला, पदरात तान्हे मूल आले. तशात शहरात फुकट शाळा निघाली आणि हिची शाळा बसली. मग तिला लोकांच्या घरी चाकरी करावी लागली. जिने शेकडोंना अक्षर दिले, तिच्या वाट्याला हे आले. पण १९०२ साली तिने आपल्या युद्धातल्या आठवणींचे पुस्तक स्वतः छापले, म्हणून आज आपण तिला ओळखतो. सूझी किंग टेलर १९१२ साली वारली. लिहिता येत होते, म्हणून तिची गोष्ट उरली. न लिहिता गेलेल्या किती असतील!

सव्हानातच १८६५ च्या जानेवारीत, शहर उत्तरेच्या हाती आल्याबरोबर, काळ्या धर्मोपदेशकांनी एक शिक्षणसंस्था स्थापन केली, आपसांत वर्गणी जमवली आणि सुमारे पाचशे मुलांच्या शाळा उघडल्या. शिक्षक सगळे त्यांच्यातलेच. एक शाळा भरली ती ब्रायन नावाच्या व्यापाऱ्याच्या गुलामांच्या बाजारात. ज्या जागेत माणसांचा लिलाव होई, तेथे बाराखडी घुमू लागली. नॅशव्हिलच्या फिस्क शाळेविषयीही (ती १८६६ च्या जानेवारीत उघडली) अशी गोष्ट तिच्या इतिहासात सांगितलेली आहे, की गुलामांच्या कोंडवाड्यातल्या गंजलेल्या बेड्या भंगारात विकून त्या पैशांतून मुलांसाठी पुस्तके घेतली. पुढे याच फिस्कला पैशांची चणचण पडली, तेव्हा १८७१ साली नऊ विद्यार्थी गात गात गावोगाव निघाले. त्यांतले बहुतेक गुलामीत जन्मलेले. आपल्या आयाबाया शेतात गात ती भजने त्यांनी अमेरिकेत व इंग्लंडात म्हटली, व्हिक्टोरिया राणीपुढेही म्हटली, आणि त्या कमाईतून शाळेची मोठी इमारत उभी राहिली.

युद्ध संपता संपता, मार्च १८६५ मध्ये, सरकारने मुक्त झालेल्या लोकांसाठी एक खाते काढले. त्याला फ्रीडमेन्स ब्यूरो म्हणत. जनरल हॉवर्ड त्याचे प्रमुख. शाळांच्या पाहणीसाठी जॉन अल्वर्ड नावाचे अधिकारी दक्षिणेत फिरले. १८६६ च्या आरंभी त्यांनी जो अहवाल दिला, त्यातली एक गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. जेथे अजून एकही मिशनरी, एकही सरकारी माणूस पोहोचला नव्हता, तेथेही त्यांना शाळा चालू असलेल्या आढळल्या. एखाद्या झोपडीत कुणी फाटके अंकलिपीचे पुस्तक घेऊन बसलेला, जेमतेम वाचता येणारा, आणि भोवती त्याहून कमी येणारे. अशा लोकांनी आपणहून काढलेल्या निदान पाचशे शाळा असाव्यात, असा अल्वर्ड यांचा अंदाज होता.

पूर्वी हा इतिहास असा सांगत, की उत्तरेच्या दयाळू गोऱ्या बायका दक्षिणेला गेल्या आणि त्यांनी अडाणी काळ्यांना शिकवले. त्या बायका खरोखर धैर्याच्या होत्या, त्यांचे ऋण कमी लेखण्याचे कारण नाही. गोऱ्या वस्तीत त्यांना खोली मिळत नसे, रस्त्यात कुणी बोलत नसे. आपल्या सावित्रीबाईंनी पुण्यात १८४८ पासून जे सोसले, त्याचीच ही बहीण. पण संशोधकांनी अलीकडे कागदपत्रे तपासली, तेव्हा दिसले की शिक्षकांपैकी सुमारे एक तृतीयांश तरी काळेच होते. पैशाचीही तीच कथा. विद्वान लेखक ड्यू बॉइस यांनी दिलेल्या हिशोबाप्रमाणे ब्यूरोच्या काळात शिक्षणावर सुमारे ६० लाख डॉलर खर्च झाले, आणि त्यांतले साडेसात लाख त्या कालपर्यंत गुलाम असलेल्या माणसांनी आपल्या दारिद्र्यातून दिले होते. १८७० च्या सुमारास चार हजारांवर शाळा आणि जवळजवळ अडीच लाख विद्यार्थी, असा आकडा सांगतात.

दिलेल्या पैशाबरोबर त्यांना शाळा आपल्या ताब्यातही हवी होती. हॅरिएट जेकब्ज या स्वतः गुलामीतून पळालेल्या लेखिका. १८६४ साली त्या व्हर्जिनियातल्या अलेक्झांड्रिया गावी मदतकार्य करीत होत्या. तेथल्या लोकांनी स्वतः शाळेची इमारत बांधली. ती तयार होताच काही गोरे शिक्षक ती चालवायला पुढे आले. हॅरिएटबाईंनी तो प्रश्न लोकांच्याच पंचांपुढे ठेवला आणि निर्णय त्यांनाच घेऊ दिला. त्यांनी शाळा आपल्या ताब्यात ठेवली आणि काळ्या शिक्षिकांकडे दिली. शिकवणाऱ्याने ‘आम्ही तुमच्यासाठी करतो’ असे म्हणायचे, की ‘तुमचे आहे, तुम्ही ठरवा’ असे म्हणायचे, हा प्रश्न तेव्हाही होता. आपल्या बैठकीत वर्ग बंद करण्याची चर्चा झाली, त्या वेळी त्या सात-आठ जणींपैकी एकीलाही आपण विचारले नव्हते, हे नमूद करणे मला भाग आहे.

या शाळा ज्यांना खुपत होत्या ते गप्प बसले नाहीत. १८६६ च्या मे महिन्यात मेम्फिस शहरात तीन दिवस दंगल झाली. ४६ काळी माणसे मारली गेली, ९१ घरे जळाली, आणि त्यांच्या बाराच्या बारा शाळा जाळून टाकल्या. शाळा का जाळल्या? वाचता येणारा माणूस मजुरीचा करार वाचतो, दुकानदाराची वही तपासतो आणि मत कुणाला द्यायचे ते स्वतः ठरवतो, म्हणून. शिकणाऱ्यांपेक्षा जाळणाऱ्यांनाच शिक्षणाची किंमत अधिक कळली होती की काय, असे वाटते. पण जाळलेल्या शाळा पुन्हा उभ्या राहिल्या.

१८६८ च्या सुमारास दक्षिणेतील संस्थानांच्या नव्या राज्यघटना झाल्या. त्यांच्या सभांत काळे प्रतिनिधीही बसले होते, आणि सरकारी खर्चाने सर्वांना शाळा हे तत्त्व त्यांनी घटनेत घालून घेतले. त्याचा लाभ गरीब गोऱ्यांच्या मुलांनाही झाला. दुर्दैवाने १८७७ नंतर वारे फिरले. सत्ता पुन्हा जुन्या लोकांकडे गेली. काळ्यांच्या शाळा वेगळ्या, पैसा तुटपुंजा, वर्ष काही महिन्यांचेच, असे झाले. हा भेद बेकायदा असल्याचा निकाल अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने दिला तो १९५४ साली. तरीसुद्धा १८७० साली त्या समाजात शंभरांत सुमारे ऐंशी माणसे निरक्षर होती, ती १९१० साली सुमारे तीस उरली. चाळीस वर्षांत, आणि तीही अशा परिस्थितीत!

आता आपल्या वादाकडे येते. अक्षर आधी की शिवण आधी, हा वाद त्यांच्यातही झाला, आणि तो मोठ्या माणसांत झाला. बुकर टी. वॉशिंग्टन गुलामीत जन्मले. मुक्तीनंतर मिठाच्या भट्टीत व कोळशाच्या खाणीत काम करून शिकले. शाळेत जाताना टोपी हवी, विकत घ्यायला पैसे नाहीत, तेव्हा त्यांच्या आईने घरच्या जाड्याभरड्या कापडाचे दोन तुकडे शिवून टोपी केली, तिचा अभिमान त्यांनी जन्मभर बाळगला. १८७२ साली ते बरेचसे पायी चालत हॅम्प्टनला पोहोचले. प्रवेशपरीक्षा म्हणून मुख्य शिक्षिकेने एक खोली झाडायला सांगितली. त्यांनी ती तीनदा झाडली आणि चारदा पुसली. १८८१ साली त्यांनी अलाबामात टस्कीगीची शाळा काढली, तेथे मुलांनी स्वतः विटा पाडून इमारती बांधल्या. हाताला काम, तर पोटाला अन्न, आणि मग मान, असे त्यांचे म्हणणे. ड्यू बॉइस म्हणत, की नुसते हात शिकवाल तर माणूस दुसऱ्याच्याच कामाचा राहील, आपल्याला विचार करणारी, हक्क मागणारी, इतरांना शिकवणारी माणसेही हवीत. दोघांच्या म्हणण्यात तथ्य होते. पण एक गोष्ट ध्यानात घ्या. टस्कीगीत विटा पाडणारा मुलगाही आधी पुस्तक वाचत होता. अक्षर काढून घेऊन नुसता धंदा द्यावा, असे वॉशिंग्टन यांनीसुद्धा कधी म्हटले नाही.

आपल्या महाराष्ट्राने ही हकीकत दुरून पाहिली असेही नाही. महात्मा फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अमेरिकेतल्या त्या लोकांना अर्पण केला, ज्यांनी गुलामांना दास्यातून सोडवण्यासाठी झीज सोसली. आणि १८५५ सालीच त्यांनी व सावित्रीबाईंनी दिवसभर राबणाऱ्या स्त्री-पुरुषांसाठी पुण्यात रात्रीची शाळा काढली होती. म्हणजे आपला सात-आठ जणींचा वर्ग काही कालचे खूळ नाही, त्याचे कुळ फार जुने आहे.

शेवटची एक हकीकत सांगून संपवते. टस्कीगीच्या पहिल्या दिवसांत वर्गणी गोळा करणे चालू होते. एके दिवशी सत्तरीच्या घरातली एक म्हातारी काठी टेकीत, फाटक्या पण स्वच्छ कपड्यांत, वॉशिंग्टन यांच्याकडे आली. तिचे सारे आयुष्य गुलामीत गेलेले. जवळ पैसा नव्हता. तिने सहा अंडी साठवून आणली होती, ती या मुलामुलींच्या शिक्षणाला लावा म्हणून त्यांच्या हाती दिली. पुढे त्या शाळेला लाखोंच्या देणग्या आल्या, पण या देणगीने जसे मन हलले तसे दुसऱ्या कशाने नाही, असे वॉशिंग्टन यांनी आत्मचरित्रात लिहून ठेवले आहे.

मी हे वाचले आणि आमच्या आजी डोळ्यांपुढे आल्या. दुसऱ्या दिवशी त्यांच्या घरी गेले, क्षमा मागितली. त्यांनी चहा केला. म्हणाल्या, “बाई, बँकेत अंगठा लावताना मागची पोरं बघत असतात. मला मरायच्या आधी एकदा सही करायची आहे.” त्या पुन्हा येऊ लागल्या आहेत. नावातले पहिले अक्षर चांगले वळणदार येते, दुसऱ्याशी झटापट चालू आहे.

बैठकीत मी माझे मत बदलले असल्याचे सांगणार आहे. शिवणवर्गाची दुसरी तुकडी जरूर निघावी, माझे जुने मशीन मी तिला देते. तुकडी सकाळी बसवता येईल, किंवा माझ्या घराची पुढची खोली संध्याकाळी रिकामीच असते. पण अक्षरवर्गाची पाटी भिंतीवरून उतरू नये. आणि निर्णय घेण्यापूर्वी त्या सात-आठ जणींना बैठकीला बोलावावे, त्यांचे म्हणणे ऐकावे, एवढी माझी कार्यकारिणीला नम्र विनंती आहे. मेरी पीक यांच्या झाडाखाली पहिल्या दिवशी सहाच मुले होती.